लांडगा, कोल्हा, बिबट्या आणि भटकी कुत्री : शेळ्या-मेंढ्यांचा कळप कसा राखावा

तीन वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या गोठ्यातून दोन रात्रींत तीन करडे नाहीशी झाली. वस्तीवरच्या प्रत्येकाने एकच नाव घेतले, लांडग्याचे. आणि त्या नावावर विसंबून आम्ही आठवडाभर माळाच्या बाजूला दिवे लावले, फटाके वाजवले, आळीपाळीने जागरण केले. चौथे करडू गेले तेव्हा सकाळी फाटकापाशी वाकून पाहिले. पावसाच्या लोंढ्याने फाटकाखालची माती वाहून गेली होती, चार बोटांची फट वीतभर झाली होती, आणि तेथल्या ओल्या मातीत लहान कुत्र्याएवढी, नखांसकट उमटलेली पावले आत जाऊन परत बाहेर आलेली दिसत होती. तो कोल्हा होता. फाटकाखाली दोन फरश्या उभ्या गाडल्या आणि त्या दिवसापासून एकही करडू गेले नाही.

इंदापूर, करमाळा, सांगोला, माण, कर्जत अशा कमी पावसाच्या तालुक्यांत, जेथे माळराने अजून शिल्लक आहेत, तेथे शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्याला हिंस्र प्राण्यांशी व्यवहार करावाच लागतो. या व्यवहारात पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा चुकीच्या प्राण्यासाठी केलेल्या उपायावर. लांडग्याला अडवणारे कुंपण बिबट्याला अडवत नाही, आणि बिबट्यासाठी घातलेल्या छपराचा फाटकाखालून येणाऱ्या कोल्ह्याशी काही संबंध नसतो. म्हणून कोण आले, कोठून आले आणि कोणत्या वेळी आले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत हार्डवेअरच्या दुकानात जाऊ नये.

आधी चोर ओळखावा

हल्ला झाल्याचे लक्षात येताच पहिले काम म्हणजे माणसांना आणि जनावरांना त्या जागेपासून दूर ठेवणे, कारण दहा माणसांच्या चपलांखाली सगळा पुरावा पुसला जातो. मोबाइलने फोटो काढावेत आणि पावलाशेजारी मापासाठी काडेपेटी किंवा नाणे ठेवावे. बिबट्याचे पाऊल गोलसर असते आणि त्यात नखे दिसत नाहीत, कारण चालताना तो ती आत घेतो. लांडगा, कोल्हा आणि कुत्रा या तिघांच्याही पावलांत नखे दिसतात. कोल्ह्याचे पाऊल लहान असल्यामुळे ओळखू येते. लांडग्याचे आणि मोठ्या गावठी कुत्र्याचे एकेक पाऊल मात्र सारखेच दिसू शकते, आणि केवळ एका ठशावरून निर्णय देणाऱ्या जाणकारावर विश्वास ठेवू नये. अशा वेळी ठशांची रांग पाहावी. लांडगा कामाला निघाल्यासारखा सरळ रेषेत जातो. कुत्रा इकडे हुंगत, तिकडे वळत, परत मागे येत चालतो.

पावलांपेक्षा मेलेले जनावर अधिक सांगते. बिबट्या गळा धरतो. गळ्यावर सुळ्यांची खोल छिद्रे दिसतात, बाकी अंगावर फारशी ओरबाड नसते, आणि भक्ष्य उचलून किंवा ओढून तो उसात, झुडपात किंवा ओढ्यात नेतो. लांडगा मान, गळा किंवा मागचा भाग धरतो, आणि करडू किंवा कोकरू असेल तर ते तोंडात घेऊन निघून जातो, त्यामुळे अनेकदा गोठ्यात किंवा वाघुरीत (उघड्यावर बसवलेल्या मेंढ्यांभोवती मेखांवर ताणलेल्या जाळीत) केवळ मोजणीत एक कमी येते, रक्तही सापडत नाही. कुत्र्यांच्या टोळीचे काम सर्वांत ओंगळ असते. एका रात्रीत आठ-दहा जनावरे फाडलेली, कान तुटलेले, मांड्या आणि शेपटीखालचा भाग ओरबाडलेला, काही अर्धमेली उभी, आणि खाल्लेले मात्र जवळजवळ काहीच नाही, असे दृश्य दिसले तर रानाकडे बोट दाखवण्यापूर्वी गावाकडे पाहावे. माझ्या अनुभवात आमच्या परिसरातील मोठ्या नुकसानीमागे लांडग्यापेक्षा भटकी कुत्रीच जास्त वेळा निघाली आहेत. कोल्हा नवजात करडे आणि आजारी, पडून राहिलेली जनावरे नेतो. तरस प्रामुख्याने मेलेल्यावर जगणारा प्राणी आहे. खोकड तर दोन-तीन किलो वजनाचे असून उंदीर, किडे आणि बोरांवर जगते, त्याच्यावर आळ घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सकाळी मेलेली आणि कुरतडलेली शेळी सापडली म्हणजे ती हल्ल्यातच मेली असे नाही. आंत्रविषाराने किंवा पीपीआर या साथीच्या रोगाने रात्री मेलेल्या शेळीलाही कोल्हा-कुत्री लागतात. जिवंतपणी झालेल्या चाव्याखाली कातड्याच्या आतल्या बाजूस रक्त साकळलेले असते, मेल्यानंतरच्या चाव्याखाली ते नसते. ही तपासणी पशुवैद्यकाने शवविच्छेदनात करायची असते. जनावर अचानक मेले असेल आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर ते फाशी (अँथ्रॅक्स) रोगाचे असू शकते. अशा जनावराला सुरी लावू नये आणि कोणाला लावू देऊ नये.

रात्रीचा गोठा

गोठा मजबूत करणे हा सर्व उपायांत एकदाच खर्च मागणारा आणि सर्वांत जास्त फळ देणारा उपाय आहे. एका मोठ्या शेळीला छपराखाली १० ते १२ चौरस फूट आणि मोकळ्या आवारात त्याच्या दुप्पट जागा लागते, असा साधारण हिशोब असतो. पण रात्री सर्व जनावरे छपराखालच्या बंद भागात मावतील एवढा तो भाग असावा, कारण मोकळे आवार ही दिवसाची सोय आहे.

जाळीचे कुंपण किमान सहा फूट उंच असावे. चेन-लिंकच्या जाळीची दोन इंचांची भोके मोठ्या जनावरांसाठी ठीक असतात. खालच्या तीन फुटांना मात्र जाड तारेची वेल्ड मेश आतून बांधावी, म्हणजे बाहेरून करडाचा पाय किंवा कान धरून ओढता येत नाही. जाळी जमिनीला टेकवून सोडून देणे ही नेहमीची चूक आहे. लांडगा, कोल्हा आणि कुत्रा तिघेही उकरतात, आणि ते नेमके जाळीच्या पायाशी उकरतात. म्हणून जाळी एक फूट खोल गाडावी, किंवा मुरमाड जमिनीत खोदणे अवघड असेल तर जाळीची दोन फुटांची पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून तिच्यावर दगड रचावेत. उकरणारा प्राणी या पट्टीवर उभा राहूनच उकरू पाहतो आणि त्याला मागे सरकून सुरुवात करण्याची बुद्धी सहसा होत नाही.

फाटक ही गोठ्याची सर्वांत कच्ची जागा असते. कुंपणावर पन्नास हजार रुपये घालणारे आपण फाटक मात्र जुन्या पत्र्याचे, तारेने बांधलेले ठेवतो. फाटकाखाली सिमेंटचा उंबरा ओतावा, चौकट आणि फाटक यांतील फट तीन इंचांपेक्षा जास्त नसावी, आणि कडी बाहेरून धक्का दिल्यास निसटणार नाही अशी असावी. पहिल्या पावसानंतर आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर उंबऱ्याभोवतीची माती पाहावी. हा सल्ला मी कशावरून देतो आहे, हे वर आलेच आहे.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर अशा ऊसपट्ट्यात गोठा असेल तर उंचीचा विचार सोडून छपराचा विचार करावा. बिबट्याला सहा फुटांची भिंत अडवत नाही आणि आठ फुटांचीही अडवत नाही. तेथे भिंत आणि छप्पर यांमधील मोकळी जागासुद्धा जाळीने बंद केलेली हवी, पत्रे नुसते दगड ठेवून नव्हे तर बोल्टने आवळलेले हवेत, आणि गोठ्यालगत चढण्यास सोपे झाड किंवा कडब्याची गंजी नसावी.

झटका मशीन बसवणार असाल तर

सौर ऊर्जेवर चालणारे झटका मशीन आता गावोगाव मिळते. ते साधारण सेकंदाला एक असा, उच्च दाबाचा पण क्षणभराचा झटका देते आणि त्याने जनावर मरत नाही, घाबरून मागे फिरते. घरच्या मीटरवरून किंवा खांबावरून तारेत थेट वीज सोडणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याने माणसे मरतात आणि तो गुन्हा आहे.

लांडग्या-कुत्र्यांसाठी पहिली तार जमिनीपासून सहा इंचांवर आणि त्यापुढच्या तारा सहा ते आठ इंचांच्या अंतराने घ्याव्यात. आपल्याकडे ही यंत्रणा फसते ती अर्थिंगमुळे. झटका लागण्यासाठी वीज प्राण्याच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडे परत जावी लागते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपला माळ इतका कोरडा होतो की हे वर्तुळ पूर्ण होत नाही, आणि मशीन टिकटिक करत असले तरी तारेत दम नसतो. त्यासाठी पाच-सहा फूट लांबीचे तीन गॅल्वनाइज्ड पाइप एकमेकांपासून दहा फुटांवर गाडून तारेने जोडावेत, भोवती मीठ आणि कोळसा घालावा आणि उन्हाळ्यात त्यावर आठवड्याला दोन घागरी पाणी ओतावे. तरीही दाब कमी दाखवत असेल तर एक तार विजेची आणि एक अर्थिंगची अशा आलटून-पालटून ताणाव्यात. पावसाळ्यात उलट अडचण येते : वाढलेले गवत तारेला टेकून वीज जमिनीत उतरते, म्हणून कुंपणाखालची पट्टी तणमुक्त ठेवावी लागते. हे जमणार नसेल तर झटका मशीन घेऊ नये; बंद पडलेल्या तारेला प्राणी लवकर ओळखतात.

मेंढ्यांचा वाडा उघड्यावर असतो तेव्हा

दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा बागायती पट्ट्याकडे निघालेल्या धनगर वाड्याला पक्का गोठा नसतो; शेतात मेंढ्या बसवायच्या आणि भोवती वाघूर लावायची. वाघुरीबाबत एक गैरसमज असा की ती लांडग्याला बाहेर ठेवते. खरे तर तिचे मोठे काम मेंढ्यांना आत ठेवणे हे आहे. लांडगा जवळ आला की मेंढ्या बिथरतात, एका कोपऱ्यावर लोटतात, मेखा उपटतात आणि अंधारात पांगतात, आणि मग त्याला वाघुरीत शिरण्याची गरजच उरत नाही. म्हणून मेखा जवळजवळ आणि खोल ठोकाव्यात, कोपऱ्यांना दुहेरी ताण द्यावा, आणि ओढा, घळ किंवा वेड्या बाभळीच्या दाटीपासून लांब, चहूबाजूंनी नजर पोहोचेल अशा जागी वाडा टाकावा. कोकरे डालग्याखाली, माणसांच्या अंथरुणांच्या मधोमध ठेवण्याची जुनी रीत आहे आणि तिच्यात सुधारणा करण्यासारखे काही नाही.

हंगामात लांडग्यांचा त्रास वाढला तर वाघुरीच्या बाहेर आठ-दहा फुटांवर दोरी ताणून तिला दीड-दीड फुटांवर लाल कापडाच्या पट्ट्या लोंबकळत बांधाव्यात. वाऱ्याने हलणाऱ्या पट्ट्यांच्या रांगेला लांडगा बुजतो. हा परिणाम काही आठवडेच टिकतो, त्यामुळे पट्ट्या बारा महिने लावून ठेवू नयेत. मेंढ्या विताना, म्हणजे कोकरे लहान असतानाच त्या लावाव्यात आणि नंतर गुंडाळून ठेवाव्यात. लुकलुकणारे दिवे, रेडिओ आणि फटाके यांचेही तसेच आहे. जागा आणि वेळ बदलत राहिले तर उपयोग, नाहीतर चार-आठ दिवसांत सवय.

चराईतील शिस्त

दिवसाढवळ्या जी जनावरे जातात ती बहुधा मागे राहिलेली असतात. लंगडणारी शेळी, नुकतीच व्यालेली मेंढी, बोरीच्या झाळीत अडकलेले करडू. लांडगा अर्धा-अर्धा तास लांबून कळपाबरोबर चालतो आणि अशाच एखाद्याची वाट पाहतो. त्यामुळे पन्नासपेक्षा मोठ्या कळपाबरोबर शक्यतो दोन माणसे असावीत, एक पुढे आणि एक मागे, आणि मोबाइल पाहायचा असेल तर तो पुढच्याने पाहावा. मोजणी तीन वेळा करावी : सोडताना, दुपारी पाण्यावर आणि परतल्यावर. परतल्यावर कमी भरल्याचे कळले तर जनावर कोठे राहिले याचा पत्ता लागत नाही. दुपारी कळले तर निम्मे रान वगळता येते. सूर्य मावळण्यापूर्वी कळप गोठ्यात आलेला असावा, आणि धुके किंवा झिमझिम असताना दाट गवतात शिरू नये.

लंगडे, आजारी, दिवस भरलेले आणि तीन महिन्यांखालील जनावर रानात नेऊच नये. करडांसाठी घरी शेवरी, सुबाभूळ किंवा हदग्याचा पाला कापून आणण्याचे कष्ट पडतात खरे, पण एका करडाची किंमत त्याहून मोठी असते. दख्खनच्या पठारावर लांडग्यांची पिल्ले साधारणपणे हिवाळ्यात जन्मतात आणि त्यानंतरचे काही महिने जोडीला रोज शिकार लागते. या काळात ज्या टेकाडावर किंवा ओघळीत बीळ असल्याचे ठाऊक आहे, त्या बाजूची चराई बंद ठेवावी आणि शक्य असेल तर शेळ्यांचे वेत याच महिन्यांत येणार नाही असा बोकड सोडण्याचा काळ निवडावा.

कुत्रा पाळावा तो कसा

राखणीसाठी कारवान किंवा मुधोळ जातीचा कुत्रा घेणारे अनेक जण निराश होतात. ती सशामागे धावणारी शिकारी जात आहे. ससा उठला की ती कळप सोडून जाणार. राखणीला धनगरांच्या वाड्यावर वाढलेले, अंगाने भारी गावठी कुत्रेच उत्तम, कारण त्यांच्या आयांनी तेच काम केलेले असते. पिल्लू सात-आठ आठवड्यांचे असताना आणावे आणि घरात न ठेवता गोठ्यातच, शेळ्यांच्या सोबतीने वाढवावे. त्याला भाकरी तेथेच घालावी आणि फार लाड करू नयेत, नाहीतर ते माणसांच्या मागे ओसरीवर येऊन झोपते. पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर खेळण्याच्या भरात ते करडांना पळवते. त्या वयात गळ्यात लाकडाचे लोढणे अडकवावे, वर्षभरात खोड जाते. एकटा कुत्रा लांडग्यांपुढे टिकत नाही, म्हणून दोन असावेत, आणि गळ्यात बाहेर टोके असलेला खिळ्यांचा पट्टा असावा. अमेरिकेत कायोटी नावाच्या, आपल्या कोल्ह्याच्या भावकीतल्या प्राण्यापासून मेंढ्या राखण्यासाठी काही जण गाढवे आणि लामाही ठेवतात; आपल्याकडे कुत्र्याला पर्याय शोधण्याची वेळ अजून आलेली नाही.

कुत्र्याला दर वर्षी रेबीजची लस आणि दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. कापलेल्या मेंढीचे मुंडके त्याला कच्चे घालू नये; मेंढीच्या मेंदूतील गिडाचा जंत कुत्र्याच्या आतड्यात वाढतो आणि त्याच्या विष्ठेतून पुन्हा चाऱ्यावाटे मेंढीत येतो, मग मेंढ्या गोल फिरून मरतात. कुत्रे खच्ची करून घ्यावेत, आणि कुत्रीची शस्त्रक्रिया तर टाळूच नये. पुण्याच्या आसपास लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे आढळले आहे, आणि माणसाला न बुजणारा संकरित प्राणी कळपाला जास्त त्रासदायक ठरू शकतो.

मेलेली जनावरे आणि पोल्ट्रीची घाण

मेलेले जनावर माळावर फेकणे म्हणजे आपल्या गोठ्याचा पत्ता वाटणे. सहा फूट खड्डा, वर चुना, मग माती आणि त्यावर दगड. व्याल्यावर जार पडली तर तीही पुरावी. जवळच्या पोल्ट्रीवरून मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकल्या जात असतील तर त्या मालकाशी बोलावे, ऐकत नसेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा. त्या ढिगावर पोसलेली कुत्र्यांची टोळी पुढे आपल्याच कळपात उतरते.

जे करू नये

मेलेल्या शेळीत थिमेट किंवा अन्य विष घालून ठेवणे, फासे लावणे, बिळात धूर करणे किंवा पिल्ले उचलणे यांपैकी काहीही करू नये. लांडगा आणि बिबट्या हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारल्यास तीन ते सात वर्षे तुरुंगवास आणि किमान २५,००० रुपये दंड होतो. कायदा बाजूला ठेवला तरी विषाचा हिशोब आतबट्ट्याचा आहे. ते प्रथम आपले कुत्रे खाते, मग घारी-गिधाडे, आणि लांडगा बहुधा शेवटी. शिवाय जागा रिकामी झाली की तेथे भटकी कुत्री येतात, ज्यांनी केलेल्या नुकसानीची वनविभागाकडून भरपाई मिळत नाही.

हल्ला झाल्यावर, क्रमाने

जखमी जनावरांपासून सुरुवात करावी. चाव्याची जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून किमान पंधरा मिनिटे धुवावी, वर पोव्हिडोन आयोडीन लावावे, आणि पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय टाके घालू नयेत. चावणारा प्राणी कुत्र्याच्या कुळातला असेल तर रेबीजचा धोका धरूनच चालावे आणि त्याच दिवसापासून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी लस टोचून घ्यावी. जखम धुताना हातमोजे वापरावेत. माणसाला चावा किंवा ओरखडा असेल तर जखम तशीच धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात जावे, दुपारपर्यंत थांबू नये.

त्यानंतर वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे. क्रमांक जवळ नसेल तर १९२६ ही वनविभागाची हेल्पलाइन आहे. घटनेपासून ४८ तासांच्या आत खबर जाणे आवश्यक असते आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवायचे नसते. खबर केवळ तोंडी न देता व्हॉट्सॲपवर फोटोंसह पाठवावी, म्हणजे वेळेची नोंद राहते. पंचनाम्याला वनकर्मचारी आणि पशुवैद्यकीय अधिकारी येतात. सरपंच किंवा पोलीस पाटील यांना स्वतःहून बोलावून घ्यावे. आधार कार्ड, बँक पासबुक आणि जनावराच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक तयार ठेवावा. राज्यात २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाई अडते, त्यामुळे करडे-कोकरे विकायची आहेत म्हणून बिल्ला मारायचा नाही, हा हिशोब आता चालत नाही. शेळी किंवा मेंढी मेल्यास २०२२ च्या दरानुसार बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी कमी असलेली रक्कम मिळते. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू दर कार्यालयातच विचारावा. फिरत्या वाड्यांची येथे अडचण होते, कारण दुसऱ्या दिवशी वाडा पुढच्या शिवारात गेलेला असतो. अशा वेळी निदान एक माणूस आणि मृत जनावर पंचनाम्यापर्यंत मागे ठेवावे लागते.

पंचनामा दुसऱ्या दिवसावर गेला तर मृत जनावर रात्रभर उघडे ठेवू नये. त्याच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर बाभळीच्या काट्या आणि काट्यांवर दगड ठेवावेत, कारण बिबट्या आपल्या शिकारीवर परत येतो आणि लांडगाही येतो. त्याच संध्याकाळी, दिवस असतानाच, तो ज्या वाटेने आला ती फट, ती उपटलेली मेख किंवा तो सैल पत्रा दुरुस्त करून घ्यावा आणि उरलेली जनावरे आत मोजावीत.